घसा तपासणी, घरच्या घरी

७ नोव्हेंबर १९८३, सोमवार. सकाळी ८.
शशीचा घसा दुखतो. गिळता येत नाही. ताप १०१. टॉर्च मारून पाहिलं. दोन्ही बाजूच्या गाठी लालबुंद, वर पांढरे ठिपके. सर्दी नाही, खोकला नाही. नोंद ठेवण्यासारखी केस.

सत्यवती म्हणाली, आताच्या गाडीनं पवनीले घेऊन जाऊ, डाक्टर सुई देईल, पोरगी उद्या खेळाले लागेल. मी तिला शांतपणे समजावलं. पवनीचे डॉक्टर घसा असो की गुडघा, आधी सुई उकळायला ठेवतात. तपासणी नाही, पुरावा नाही. मी कोंढ्याच्या हायस्कुलात अकरा वर्षं विज्ञान शिकवतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पुराव्याशिवाय सुई टोचली जाणार नाही.

सत्यवती म्हणाली, तुम्ही शिकलेले, तुमाले जास्त समजते. हे तिचं म्हणणं बरोबर आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४.
शाळेच्या लायब्ररीतलं इंग्रजी मासिक सापडलं. (परत करायचं राहिलं आहे, १९८१ पासून.) अमेरिकेत आया स्वतः घरी मुलांच्या घशात कापसाचा बोळा फिरवतात आणि तपासणीला पाठवतात. घशाचा एक विशिष्ट जंतू असेल तरच पेनिसिलिन. नसेल तर मिठाच्या गुळण्या. किती स्वच्छ विचार! अमेरिकेतल्या आयांना जमतं ते कोंढ्यातल्या बापाला का जमू नये? आणि मी तर तपासणीला पाठवणार पण नाही. तपासणीही घरीच.

८ नोव्हेंबर, मंगळवार.
ताप १०२. शशी फक्त पेज प्यायली.

प्लॅन तयार. हा जंतू रक्त खातो. रक्त मिसळलेल्या जेलीवर घशातला बोळा फिरवायचा, ती उबदार ठेवायची. दोन दिवसांत जंतूच्या ठिपक्याभोवती रक्त नाहीसं होऊन पारदर्शक चकती दिसली की पॉझिटिव्ह. चकती नाही, जंतू नाही. इतकं सोपं आहे. लोक उगाच डॉक्टर होतात.

साहित्य: १) काचेच्या बशा. शाळेचा शिपाई धनीराम याच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली घेणे. २) जेलीसाठी चायना ग्रास, पवनीच्या किराणा दुकानातून. ३) मटणाचं सूप. ४) ताजं रक्त. ५) ऊब.

रक्ताची अडचण आहे. आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, शुक्रवारी. तेव्हा पाहुण्यांसाठी बोकड पडेलच. तोवर थांबायचं. तीन दिवसांनी काही बिघडत नाही. तोपर्यंत शशीला पोटॅशियमच्या जांभळ्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून सहा वेळा. घसा तपासणीआधी स्वच्छ असलेला बरा.

९ नोव्हेंबर.
चायना ग्रास आणायला पवनीला गेलो. डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरूनच रस्ता. बाकावर चारच पेशंट होते. डॉक्टरांनी दारातून हाक मारली, मास्तर, काय म्हणता, सारे बरे? मी म्हणालो, सारे बरे.

सत्यवतीनं विचारलं, पवनीले गेलेच होते तर पोरीले काहून नाही नेलं? मी म्हणालो, माल आणायला गेलो होतो. दिवाळीचं आवरून मंडईचं सुरू आहे, तिलाही बोलायला वेळ नाही.

१० नोव्हेंबर. संध्याकाळी.
ताप ९९.४. गुळण्यांचा परिणाम. मी म्हणालोच होतो.

धनीरामनं किल्ली दिली. प्रयोगशाळेत झाकणाच्या काचेच्या बशा चारच, त्यातल्या एकीत हेडमास्तर सुपारी ठेवतात. तीन आणल्या. बाकी चहाच्या बशा वापरीन.

नवा विचार: एकट्या शशीची तपासणी म्हणजे अर्धवट शास्त्र. तिला जंतू आला कुठून? उद्या मंडईला पाहुणे येतील. एकाच दिवशी इतके घसे पुन्हा मिळायचे नाहीत. यशस्वी झाल्यास जिल्हा परिषदेला रिपोर्ट. नाव: कोंढा पद्धत. माझ्या नावानं श्यामराव पद्धत म्हणावं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार. मंडई. दुपारी ३.
सकाळी सहाला बोकडाजवळ पातेलं घेऊन उभा होतो. लोक हसले. लोक हसतातच.

रक्त गोठू नये म्हणून त्यात काचेचे मणी घालून घुसळावं लागतं. शाळेत मणी नाहीत. सत्यवतीनं दारासाठी मण्यांचं तोरण विणलं आहे, त्यातला मोर तेवढा सोडवला. धुऊन परत देणार आहे. परसातल्या चुलीवर मटण शिजत होतं, तिखटमीठ पडायच्या आधी त्यातलं पाणी तीन वाट्या काढून घेतलं. चायना ग्रास उकळून, निववून, रक्त मिसळून बशांत ओतलं. रंग फार सुंदर आला. शशी म्हणाली, बाबा, हा जाम आहे का?

तिचा बोळा पहिला. तिनं गुळण्या करून आ केला. मुलगी गुणी आहे, आ करताना डोळे मिटत नाही.

त्यानंतर पाहुणे. मी दारातच स्टूल टाकलं. रामराम, बसा, आ करा. पाणी नंतर, आधी घसा. काही जण हसून बसले. सत्यवतीच्या आत्याबाईंनी सांगितलं की त्यांच्या तोंडात नवरा पण कधी डोकावला नाही. मी मात्र आग्रह केला.

माझा मेहुणा भैय्यालाल साकोलीहून आला. त्याचं तिथं कापडाचं दुकान आहे, स्वभाव तापट. त्याच्या घशात बोळा जरा खोल गेला. तो उठून अंगणात गेला आणि सकाळी खाल्लेलं सगळं त्याने रांगोळीवर टाकलं. मग म्हणाला, भाऊजी, मी मंडईले आलो का जनावराच्या दवाखान्यात आलो? आणि जेवायला शेजाऱ्यांकडे गेला. त्याच्यामागे अजून पाच जण गेले.

चहा बशीविना कपात दिला म्हणून सत्यवतीची मान खाली गेली असं ती म्हणते. घरच्या बशा सातही वापरात होत्या.

संध्याकाळी ७.
उबेचा प्रश्न सुटला. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. परसातल्या टोपलीत पाच दिवसांपासून बसली आहे, उठायचं नाव नाही. तिच्याखाली थर्मामीटर धरला: १०४. हवं होतं ९८. सहा अंश जास्त आहे, पण जंतूंना उलट हुरूपच येईल. अंडी बाजूला सारून तीन झाकणाच्या बशा आत सरकवल्या. चहाच्या बशा भाताच्या तणसात गुंडाळून टोपलीच्या कडेला.

कोंबडीनं माझ्या हाताला दोनदा चोच मारली. वैज्ञानिक प्रगतीला विरोध होतोच.

१२ नोव्हेंबर.
शशीचा घसा पूर्ण बरा! ताप नाही. भाकर खाल्ली. गल्लीत खेळायला गेली. पाच दिवसांत, एकही सुई न टोचता. सत्यवतीला म्हणालो, पाहा. ती म्हणाली, देव पावला. मी म्हणालो, देव नाही, पोटॅशियम परमँगनेट.

१४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
निकाल.

शशी: बशी स्वच्छ. एकही चकती नाही. NEGATIVE. (लाल शाईनं.)
मी: negative.
आत्याबाई: बशी कोंबडीनं पालथी केली.
भैय्यालाल: POSITIVE. चार पारदर्शक चकत्या, काठ तुटके, आरपार पांढरी बशी दिसते. इतक्या स्पष्ट चकत्या मासिकातल्या फोटोतही नाहीत.

म्हणजे उगम साकोलीत आहे तर. भैय्यालालला लगेच कार्ड टाकलं: आपल्या घशात घातक जंतू आढळला आहे. घाबरू नये. दुकानात गिऱ्हाइकाशी तोंड वळवून बोलावे. पाकीट नव्हतं म्हणून कार्ड. अशी माहिती लपवण्यासारखी नसते.

१५ नोव्हेंबर.
सत्यवती म्हणते, बरी झाली तरी एकडाव पवनीले दाखवून येऊ, माह्या जिवाले बरं वाटेल. मी तिला बशी दाखवली. स्वच्छ बशी. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, मले तर कोंबडीच्या चोचीचे भोकं दिसून राहिले. मी म्हणालो, ती भैय्यालालची बशी आहे, शशीची ही. ती म्हणाली, बरं.

मला हे लिहिलं पाहिजे की ती विश्वास ठेवते. शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवणारी बायको मिळणं हे भाग्य आहे.

१९ नोव्हेंबर.
रिपोर्टचा मसुदा. चार पानं. इंग्रजीत चांगला वाटतो.

२१ नोव्हेंबर, सोमवार.
शाळा सुरू. हेडमास्तरांनी बशा मागितल्या. म्हणालो, जिल्हा पातळीवरचं काम आहे. ते म्हणाले, सुपारीची बशी तेवढी तशीच राहू द्या.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार.
शशी सकाळी उठताना रडली. उजवा गुडघा दुखतो. थोडा सुजला आहे, गरम आहे. मंडईत फार उड्या मारल्या.

मंडईला चौदा दिवस झाले. पण मुलांच्या अंगात कसर उशिरा उतरते.

२६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.
उजवा गुडघा बरा. उतार पडला.

सकाळी ११.
डावा गुडघा.

दुपारी ३.
नव्या चपला कारण असू शकतात. चपला काढून ठेवल्या. सत्यवती मोहाच्या टोरीचं तेल गरम करून चोळते आहे. शशी हात लावू देत नाही.

संध्याकाळी ५.
डावा घोटा पण. नाडी मोजली, ११८. लहान मुलांची जलदच असते. पुन्हा मोजली, १२२. घड्याळ बहुतेक पुढे आहे.

संध्याकाळी ६.
धुरपताची पण अशीच जलद होती.

हे मला लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं आहे तर पूर्ण लिहितो. धुरपता माझी धाकटी बहीण. तिचाही घसा दुखायचा, कोणी लक्ष दिलं नाही, घसा काय, सगळ्यांचाच दुखतो. मग एक गुडघा, मग दुसरा, मग घोटा. आई हेच तेल चोळायची. चौदा वर्षांची असताना बाबांनी तिला नागपूरला नेलं, मी सोबत होतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाले, हृदयाची झडप गेली. त्या दिवसापर्यंत ती चालत होती, पाणी भरत होती. दवाखान्यातून आली ती खाटेवरच. चार महिने.

मला काही वर्षं वाटायचं की ती नळीनंच मेली. विज्ञानाच्या शिक्षकाला असं वाटू नये. पवनीच्या डॉक्टरांच्या गळ्यात पण तीच नळी असते.

मी घाबरलो नाही. मला फक्त पुरावा हवा होता.

खोटं आहे. मी सात तारखेपासून घाबरलो आहे. शशीच्या छातीला कोणी नळी लावू नये म्हणून मी कोंबडीखाली बशा ठेवल्या.

२७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
काल फार भावनावश झालो. शास्त्रीय दृष्टी सोडून चालणार नाही. शशीचा दुसऱ्यांदा बोळा घेतला, या वेळी गुळण्या न करता. उरलेलं रक्त मडक्यात पाण्यात ठेवलं होतं, वास जरा उग्र आहे. नवी बशी टोपलीत ठेवायला गेलो तर पिल्लं निघालेली. सहा. कोंबडी आता कोणाला जवळ येऊ देत नाही. बशी माझ्या बनियनमध्ये पोटाशी बांधली आहे. माणसाचं तापमान बरोबर ९८. हे आधीच सुचायला हवं होतं.

दुपारी २.
भैय्यालाल साकोलीहून आला, कार्ड हातात. पोस्टमननं ते आधी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. बारा दिवसांपासून गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर उभं राहून कापड दाखवा म्हणते. तो अंगणातूनच ओरडत आला, कुठी हाये तो डाक्टर?

मग आत आला आणि शशीला पाहिलं. ओरडणं थांबलं. तिच्या खाटेजवळ बसला. तिला विचारलं, मामाच्या सायकलवर बसतं का? ती म्हणाली, मामा, मले उभंच राहता नाही येत.

भैय्यालाल मला म्हणाला, भाऊजी, उद्या सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याले नेऊ. मी म्हणालो, उद्या दुपारपर्यंत बशीचा निकाल येतो, पुराव्यासकट गेलेलं बरं, नाहीतर तिथं आपलं कोण ऐकतं? पोटाला हात लावून दाखवलं. त्यानं सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवतीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संकल्प: निकाल हाती येताच मीच नेणार. बिछाना, थर्मास, पेज, सगळ्याची यादी केली. मंगळवारी पहिली गाडी.

२८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.३०.
प्रयोगशाळेतून भिंग आणायला पहाटेच शाळेत गेलो होतो. धनीराम म्हणाला, सर, बाई तं सहाच्या गाडीनं भंडाऱ्याले गेल्या, भावानं पोरीले खांद्यावर घेतलं होतं. तुम्हाले नाही मालूम?

मी म्हणालो, मीच पुढे पाठवलं.

बशी काढून पाहिली. चकत्याच चकत्या! शशीच्या बशीवर. मोजता येत नाहीत. POSITIVE. तीन आठवडे मी जे शोधत होतो ते माझ्या पोटावर उगवलं. आनंद झाला. मग लक्षात आलं आनंद कशाचा होतो आहे. डब्यात बशी ठेवून, झाकण लावून नऊच्या गाडीत बसलो.

त्याच दिवशी. भंडारा, दवाखान्याचा व्हरांडा. दुपारी ४.
बाकावर बसून लिहितो आहे.

डॉक्टरबाई तरुण आहेत. मी पोचलो तेव्हा शशीला खाटेवर घेतलं होतं आणि बाई सत्यवतीला विचारत होत्या, घसा कधी दुखला होता, नक्की तारीख सांगा. सत्यवतीला तारीख सांगता येईना. म्हणाली, दिवाळी झाली अन् मंडईच्या आधी. बाई म्हणाल्या, तारीख लागेल. तेव्हा सत्यवतीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, यायले विचारा, हे लिहून ठेवतेत.

मी पिशवीतून ही वही काढली. वाचली. सात नोव्हेंबर, घसा दुखतो, गिळता येत नाही, ताप १०१, गाठींवर पांढरे ठिपके, खोकला नाही. बाई म्हणाल्या, शाबास, किती नीट नोंद आहे. त्या लिहून घेत गेल्या. आठला १०२. दहाला ९९.४. बाराला बरा. पंचवीसला उजवा गुडघा, सव्वीसला डावा. मधलं मधलं सोडत वाचलं. दोन ठिकाणी काहीच वाचण्यासारखं सापडेना, पानं उलटत राहिलो.

मग त्यांनी विचारलं, सात तारखेला एवढं सगळं दिसलं होतं, तर सुई कुठे घेतली? मी म्हणालो, गुळण्या दिल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन पडलं असतं तर हे सांध्यांवर बहुधा आलं नसतं. तेवढा वेळ असतो. रागावून नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सात आणि नऊ, सोळा. पंधरा तारखेचं पान माझ्या अंगठ्याखाली होतं.

मग त्यांनी नळी लावली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. भैय्यालालनं माझा दंड धरला होता. नळी बराच वेळ होती. बाई म्हणाल्या, बारीक आवाज येतो आहे. जाईलही, राहीलही. आत्ता सांगता येत नाही. दोन आठवडे इथं राहावं लागेल. नंतर दर एकवीस दिवसांनी सुई, मोठी होईपर्यंत.

सुई टोचताना शशी रडली नाही. मला म्हणाली, बाबा, तुम्ही बाहेर जा.

सायंकाळी ६.
वॉर्डातल्या बाईंनी माझा डबा उघडला. शशीचं जेवण असेल असं वाटलं त्यांना. म्हणाल्या, गुरुजी, काय आणलं होतं हे, पार नासलं की. आत हिरवी बुरशी होती, चकत्या तिच्याच. त्यांनी ते फेकून, डबा आणि बशी राखेनं घासून स्वच्छ करून दिली. बशी हेडमास्तरांना परत करायची आहे.

१२ डिसेंबर.
शशी घरी. सांधे बरे. पळायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. आवाज अजून आहे, पहिल्यापेक्षा कमी, असं बाई म्हणाल्या. कमी म्हणाल्या हे मी दोनदा विचारून घेतलं.

रिपोर्ट चुलीत घातला. सत्यवतीनं पाहिलं, वर तवा ठेवला. आता ती जेवायला वाढते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ डिसेंबर, शनिवार.
सोमवारी दुसरी सुई. या वेळी हयगय नाही. हेडमास्तरांना रजेचा अर्ज दिला. कारण: मुलीस दवाखान्यात नेणे. ते वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मंजूर लिहिलं. गाड्यांचं टाइमटेबल उतरवून घेतलं: सहाची चुकली तर सव्वासातची, ती चुकली तर नऊची. खिडकीची जागा शशीला. डॉक्टरबाईंना विचारायचे प्रश्न, अकरा. नळी लावतील तेव्हा मी आत उभा राहीन. बाहेर जाणार नाही.

१८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.
सत्यवतीला यादी वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, भैय्यालाल येऊन राहिला सकाळी, तो अन् मी नेतो. आता दरवेळेस तोच येईल, मी बोलली त्याच्याशी. तुम्ही शाळेत जा.

मी म्हणालो, अर्ज मंजूर झाला आहे. ती म्हणाली, वापस घ्या.

धनीरामच्या घरी जाऊन किल्ली मागितली, ऑफिसातून अर्ज काढून आणला. उद्या पहिला तास आठवी ब, पचनसंस्था.